बोअरवाल्याची शिष्यवृत्ती

बाळगोंडा मगदूम वारणाकाठच्या समडोळीचे. त्या गावच्या माणसाला पाण्याचं अप्रूप नसतं. परसात आड, आडात वाकून हात घातला तर भिजेल इतकं वर आलेलं पाणी, आणि एखाद्या पावसाळ्यात नदीच चालत दारापर्यंत येते, तेव्हा पाणी नको म्हणायची पाळी. अशा गावात जन्मलेला हा माणूस उभं आयुष्य पाणी शोधत कोरड्या मुलखात हिंडला. कवठे महांकाळ, जत, आटपाडी, पलीकडं साताऱ्याचा माण-खटाव. जिथं टँकरच्या वाटेकडं डोळे लावण्यात लोकांचा उन्हाळा जायचा, तिथं त्यांची बोअरची गाडी जाऊन उभी राहायची.

घरात भाऊ जास्त आणि ऊस थोडा. म्हणून दहावीनंतर बाळगोंडा मिरजेला आला आणि तमिळनाडूतून आलेल्या एका बोअरच्या गाडीवर रॉड उचलायच्या कामाला लागला. गाडीचा मुख्य माणूस पळनीसामी, सेलमकडचा. काळा, ठेंगणा, हसला की सगळे दात दिसणारा. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. तरी पळनीसामीनं पहिल्याच दिवशी ओळखलं, की हे पोरगं कांदा-लसूण खात नाही. त्या दिवसापासून सांबारात कांदा पडायच्या आधी तो बाळगोंडाचा वाटा वेगळा काढून झाकून ठेवायचा. गाडीवरची बाकीची पोरं चेष्टा करायची. तो त्यांच्यावर खेकसायचा आणि बाळगोंडाला जवळ बसवून जेवू घालायचा.

काम शिकवलं तेही त्यानंच. चालत्या यंत्रावर बाळगोंडाचा हात धरून ठेवायचा आणि दगड बदलला की हाताला कसं कळतं ते डोळ्यांनी सांगायचा. ना नात्याचा, ना गावचा, ना जातीचा. एका उन्हाळ्याच्या शेवटी तो गावी गेला तो परत आलाच नाही. पुढं बाळगोंडानं स्वतःची जुनी गाडी घेतली, तेव्हा पार सेलमपर्यंत जाऊन त्याची चौकशी केली. पत्ता लागला नाही.

एका गाडीच्या तीन गाड्या झाल्या. कुपवाडच्या एमआयडीसीत गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप झालं. लग्न झालं, त्रिशलाबाई घरात आल्या, भरतेश जन्मला, मोठा होऊन धंद्यात आला. बाळगोंडाचे आता बाळगोंडाण्णा झाले. तरी स्वारी अजून जागेवर जायचीच. बोअर पूर्ण झाली, गाडी बाजूला झाली, की आण्णा खिशातला छोटा आरसा काढत, वीतभर रुंदीच्या त्या भोकात ऊन सोडत आणि गुडघे टेकून आत बघत बसत. थोडं अंतर दगड लखलखायचा, पुढं नुसता काळोख. गाडीवरची पोरं म्हणायची, "आण्णा, पैसं पडलं काय आत?" आण्णा हसून उठायचे. आपण इतकी भोकं पाडली आणि एकाच्याही तळाशी काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना कुणाला सांगता येत नव्हती. सांगण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटत नव्हतं.

मग माण तालुक्यातली ती बोअर आली.

दहिवडीच्या पुढं माळावर सुभेदार लालासाहेबांची वस्ती. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी डाळिंबाची बाग उभी केली होती आणि विहिरीनं माघ महिन्यातच तळ दाखवला होता. गाडी लागली, कॉम्प्रेसर सुरू झाला, पांढऱ्या भुकटीचा लोट उठला. सगळे वाऱ्याच्या उलट बाजूला पळाले. एक मुलगी तेवढी तोंडाला ओढणी बांधून थेट बोअरच्या तोंडाशी येऊन बसली. सुभेदारांची संयोगिता. पुण्यात भूगर्भशास्त्र शिकून नुकतीच घरी आलेली.

एकेक रॉड खाली गेला, की ती ओंजळभर भुकटी उचलायची आणि पोत्यावर तिचा ढीग घालायची. ढिगाशेजारी ढीग. पिवळसर, मग राखी, मग काळाभोर.

"पोरी, लांब सर. नाकातोंडात जाईल," आण्णा ओरडले.

"फडकं बांधलंय की, आण्णा!" ती तिथूनच ओरडली.

दुपार कलायला लागली तशी भुकटी एकाएकी लाल आली. करंड्यातल्या कुंकवासारखी लाल.

"तांबडं लागलं!" गाडीवरचा माणूस वैतागून म्हणाला. बोअरवाल्यांना तांबडं आवडत नाही. ते दगड फोडणाऱ्या हॅमरला चिकटतं, भोकाच्या कडा ढासळवतं, काम अडवतं. संयोगितानं मात्र ती भुकटी तळहातावर घेतली, बोटानं चोळली आणि आण्णांना हाक मारली.

"आण्णा, हे काय हाय ठावं हाय का?"

"तांबडी माती. लय तरास देती."

"मातीच हाय. पण कवाची?" तिनं पोत्यावरचे ढीग दाखवले. "हा वरचा काळा दगड म्हणजे लाव्हा. जमिनीतनं उकळत आला, पसरला, थंड झाला. ह्या तांबड्याच्या खालीबी तसलाच दगड लागंल, तोबी लाव्हा. पण तो त्याच्या आधीचा. दोन्हीच्या मधी लय काळ काहीच आलं न्हाई. हजारो वर्षं. तेवढ्यात खालचा दगड झिजला, त्याची माती झाली. पाऊस पडला, वारं वाहिलं, काय सांगावं, झाडंबी आली असतील. आणि मग वरनं पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेलं. तुमच्या हातात हाय ना, ती तवाची जमीन हाय, आण्णा. अंगण म्हणा. हिच्यावर ऊन पडत हुतं."

आण्णांनी हात पुढं केला होता. तिनं त्यावर थोडी भुकटी ठेवली होती. ते बघतच राहिले.

"हिच्यावर ऊन पडत हुतं?"

"व्हय."

"माणूस हुता तवा?"

"माणूस कुठला, आण्णा! माणूस यायला अजून लय अवकाश हुता."

उभ्या जन्मात हे तांबडं त्यांनी हजार वेळा पाहिलं असेल. शिव्या देत हॅमरवरून धुऊन टाकलं असेल. ते कुणाचं तरी अंगण होतं. कुणाचं म्हणजे कुणाचंच नव्हतं, माणूसच नव्हता, नुसतं ऊन आणि पाऊस आणि लाल माती. आण्णांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्यात तांबड्याच्या खालच्या दगडात पाणी लागलं. फेसाळ पाण्याचा उंच फवारा उडाला, वस्तीवरची माणसं ओरडत धावली, सुभेदारांनी मिठाईला माणूस पिटाळला. आण्णा ती मूठ मिटून कडुलिंबाखाली उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा पाणी लागल्याकडं त्यांचं ध्यान नव्हतं.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "पोरी, फुडं काय?"

ती घुटमळली. मग म्हणाली, नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र शिकायला प्रवेश मिळालाय. पण जायचं नाही असं ठरलंय. यंदा असेल तो पैसा बाग वाचवायला लागणार होता.

आण्णांनी कप खाली ठेवला. "सुबेदार, पोरीला मी धाडतो."

लालासाहेब ताठ माणूस. त्यांच्या मिशीचा केसही हलला नाही. "मगदूम, तुमी पाणी काढून दिलं, मी त्याचं दाम दिलं. हिशेब मिटला. माझी पोर कुणाच्या उपकारावर जाणार न्हाई. आज तुमी द्याल, उद्या माळावरची माणसं म्हणतील, सुबेदारानं बोअरवाल्याला गाठलं."

"उपकार कसला त्यात?"

"एका माणसानं एका माणसाला दिलं की उपकारच," सुभेदार म्हणाले आणि उठले.

दहिवडीहून सांगलीपर्यंत आण्णांचा हात सारखा खिशाकडं जात होता. हातरुमालात बांधलेली लाल माती खिशात होती. घरी आल्यावर ती त्यांनी त्रिशलाबाईंना दाखवली आणि संयोगितानं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्रिशलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवं, सुबेदार बरोबरच बोलले. एकानं एकाला दिलं की उपकार. मग सगळ्यांसाठी ठेवा की. ज्याचं नशीब आणि ज्याची अक्कल, तो घेईल. जैन बोर्डिंगात न्हाई का मुलं शिकत? त्यांना कुणी विचारतं का, कुणाचं खाल्लंस म्हणून?"

इतकं साधं होतं ते.

द्यायला काय होतं? मिरजेच्या पुढं एक माळरान होतं. गाड्या उभ्या करायला म्हणून आण्णांनी फार वर्षांपूर्वी घेतलेलं. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. मग शेजारून मोठा हायवे गेला, आणि त्या कुसळांच्या माळाला अशी किंमत आली की आण्णांना स्वतःलाच त्याची लाज वाटू लागली. भरतेश तिथं पेट्रोल पंप टाकायच्या विचारात होता.

"त्या रानासाठी मी घाम गाळला न्हाई," आण्णा त्याला म्हणाले. "रानानंबी काय केलं न्हाई. रस्ता आला, बास. ते मी विकणार आणि त्यातनं पोरं भाईर धाडणार."

भरतेशनं विचारलं, "आणि आपल्या दीपालीला उद्या जायचं झालं तर?"

दीपाली त्याची मुलगी. सांगलीतच इंजिनिअरिंगला होती.

"घरच्या माणसाला त्यातलं कायबी मिळायचं न्हाई, असं पहिल्यांदाच लिवायचं. तिला तू हाईस की. ज्यांना कुणी न्हाई, त्यांच्यासाठी हे."

भरतेशला ते पटलं नाही. पण सही करायच्या दिवशी तोच आण्णांना गाडीवरून घेऊन गेला.

सांगलीत चंदना उपाध्ये म्हणून वकील होत्या. त्यांनी आण्णांना समोर बसवून एकेक कलम समजावून सांगितलं. पैसे परदेशात खर्च होणार म्हटल्यावर कायद्याचे काही पेच होते. ते सोडवण्यात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हेलपाटे घालण्यात, वर्ष उलटून गेलं. वकीलबाईंनी विचारलं, "कोणत्या विषयासाठी द्यायची शिष्यवृत्ती? पाण्यासाठीच?"

आण्णा विचार करून म्हणाले, "वकीलबाई, जे डोळ्याला दिसत न्हाई ते बघायला शिकवतं, असं कुठलंबी शास्त्र."

चंदनाताईंनी पेन हातात तसंच धरलं. "हे कायद्याच्या भाषेत कसं लिहू मी?" त्या म्हणाल्या. शेवटी 'निसर्गविज्ञान व वैद्यक' असं काहीतरी लिहिलं. दुष्काळी तालुक्यांतली मुलं, पदवीच्या पुढचं शिक्षण, जगातलं कुठलंही विद्यापीठ, दर वर्षी एकालाच. निवड बाहेरचे तीन जाणकार करणार. आण्णांना निवडीत बोलायचा अधिकार नाही. हे कलम त्यांनी स्वतःच घालायला लावलं.

"आणि नाव? आईचं की वडिलांचं?"

"पळनीसामी."

वकीलबाईंनी मान वर केली.

"पळनीसामी शिष्यवृत्ती न्यास," आण्णा म्हणाले. "परमुलखाचा माणूस हुता. मला काम शिकवलं त्यानं. आपल्या माणसाला आपली माणसं शिकवत्यातच. जो आपला न्हाई त्यानं शिकवलं, ते मोठं."

कार्यालयातल्या कारकुनानं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कुठले पाव्हणे?" आण्णांनी तिथंच त्याला सांबाराची गोष्ट सांगितली. मागं रांग खोळंबली होती.

पहिल्या वर्षी मुलाखती सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवल्या. चार-दोन मुलं आली तरी पुष्कळ, असं आण्णांना वाटत होतं. सकाळी ते शाळेच्या फाटकापाशी आले आणि थबकले. व्हरांडा भरला होता. आयांसोबत आलेल्या मुली, एसटीतून उतरून तोंडावर पाणी मारणारी मुलं. त्रिशलाबाईंनी पोह्यांचं पातेलं पुन्हा चढवायला सांगितलं.

आण्णांना आत जायचं नव्हतं, म्हणून ते बाहेर मुलांमध्ये बसून राहिले आणि एकेकाला विचारू लागले. जतची एक मुलगी वटवाघळांचा आवाज शिकत होती. "माणसाला तो ऐकू येत न्हाई, आण्णा. यंत्रानं ऐकावा लागतो. अंधारात ती आवाजानं बघत्यात." तासगावच्या न्हाव्याचा मुलगा म्हणाला, आपल्या पोटात जिवाणूंचं एक अख्खं गाव राहतं आणि त्या गावाचा कारभार बिघडला की माणूस आजारी पडतो. आटपाडीची साक्षी मेंढपाळाची लेक. आजा-पणजापासून कळपात एक रोग येतो आणि अर्धी मेंढरं नेतो, त्याचं मूळ तिला शोधायचं होतं. ती सांगत होती आणि आण्णा तोंड उघडं टाकून ऐकत होते. पोह्यांची बशी हातात तशीच निवली.

हे सगळं इथंच होतं तर. जतला, आटपाडीला, तासगावला. ज्या गावांत आपण गाडी घेऊन गेलो, ज्या वस्त्यांवर चहा प्यायलो, तिथंच कुठंतरी ही पोरं कंदिलासारखी डोकी घेऊन बसली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. दुपारी त्रिशलाबाईंनी त्यांना हाक मारली तर ते उठून म्हणाले, "मला वाटलं हुतं, आपण कायतरी देतोय."

संयोगिताही आली होती. मागचा प्रवेश हातचा गेला होता, तिनं पुन्हा मिळवला होता. लालासाहेबांनी एकच अट घातली होती, रांगेत उभी राहणार असशील तर जा. तिची मुलाखत लांबली. बाहेर आली तेव्हा चेहरा बरा होता.

संध्याकाळी निवड जाहीर झाली. साक्षी.

ज्या मुलीनं हे सगळं सुरू केलं, तिचंच नाव नाही. भरतेश जवळ येऊन हळूच म्हणाला, "आण्णा, एकदा बोलून बघा की. ही कोण ते त्यांना ठावं तरी हाय का?" आण्णांनी नकारार्थी मान हलवली. संयोगिता लांब उभी होती. ती साक्षीजवळ गेली, तिच्याशी हसून बोलली आणि दहिवडीची एसटी गाठायला निघून गेली. आण्णांना तिच्याकडं धड बघवलं नाही. त्यांचं पुढं आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं.

मग एका रविवारी कुपवाडच्या वर्कशॉपसमोर जीप थांबली. लालासाहेब उतरले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात डाळिंबांची पेटी. आण्णा तेलकट हात पुसत पुढं झाले.

"मगदूम, माझी पोर नापास झाली तुमच्यात."

"व्हय, सुबेदार."

"तुमी एक शब्द टाकला असता तर?"

"टाकायचा न्हाई असं मीच लिवून दिलंय."

लालासाहेबांनी पेटी खाली ठेवली. "मी घरात म्हणलो हुतो, हे सगळं नाटक हाय. माझ्या पोरीसाठी मांडलेलं. हिचंच नाव येणार." त्यांनी पेटी आण्णांकडं सरकवली. "न्हाई आलं. फुडच्या वर्षीचा फॉर्म कवा निघतो?"

पुढच्या वर्षी तिचं नाव आलं. लालासाहेबांनी गावात पेढे वाटले आणि ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, पोरीनं मिळवलंय. आण्णांचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि ते ऐकून आण्णांना फार बरं वाटलं.

संयोगिता गेली. मधूनमधून तिचा व्हिडिओ कॉल यायचा. कधी पाठीमागं बर्फ, कधी प्रयोगशाळा. समुद्रापेक्षा खाली असलेल्या जमिनीवर गाई चरतात ते तिनं दाखवलं, तेव्हा त्रिशलाबाई मोबाइल हातातून सोडेनात. दुसऱ्या वर्षी ती अभ्यासाच्या कामासाठी महिनाभर आली. आण्णांच्या गाडीतून ती दोघं माण तालुका हिंडली. उथळ विहिरी, खोल बोअर, सगळीकडचं पाणी तिनं बाटल्यांत भरलं, हवेचा बुडबुडाही आत राहू नये म्हणून जिवापाड जपलं आणि बरोबर नेलं.

शिक्षण संपवून ती परतली ती थेट आण्णांकडं. "वस्तीवर चला," म्हणाली. "तिथंच सांगते."

डाळिंबाच्या बागेच्या कडेला त्यांची बोअर होती. मोटर सुरू केली. पाइपातून काचेसारखं पाणी पडू लागलं. लालासाहेब, आण्णा, भरतेश उभे होते.

"पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला एक पदार्थ बरोबर घेऊन जातं," संयोगिता म्हणाली. "खाली अंधारात गेलं की तो हळूहळू विरत जातो. किती उरलाय ते मोजलं, की पाणी कवा आत गेलं ते कळतं. बाबांच्या जुन्या विहिरीतलं पाणी दोन-चार पावसाळ्यांपूर्वीचं हाय. दर वर्षी नवं भरतं." ती थांबली. "ह्या बोअरचं पाणी तांबड्या थराच्या खालचं हाय. वरचं पाणी तिथवर पोचत न्हाई. हे पाणी पाऊस हुऊन पडलं त्याला सात-आठ हजार वर्षं झाली, आण्णा."

आण्णा पुढं झाले. पाइपाखाली ओंजळ धरली. ओंजळ भरून पाणी सांडत राहिलं. त्यांच्या आईनं लहानपणी शिकवलं होतं, पाणी हाही एक जीवच आहे, गाळून प्यावं, लागेल तेवढंच घ्यावं, ओतून देऊ नये. म्हणून ते आयुष्यभर पाणी गाळून पीत आले होते. पण जीव म्हणजे वय असलेला जीव, असं कधी मनात आलं नव्हतं. समडोळी नव्हती तेव्हा हे पडलं. गावं नव्हती, देवळं नव्हती, नांगर नव्हता. कुठल्याशा ढगातून पडून ते दगडात शिरलं, आणि इतका काळ त्या काळोखात गप्प बसून राहिलं. आपण गाडी लावली, कॉम्प्रेसर सुरू केला आणि एका दुपारात त्याला वर ओढलं. लोकांनी मिठाई वाटली होती.

"मोटर बंद करा," लालासाहेब एकदम म्हणाले. फौजी आवाजात. गड्यानं धावत जाऊन बटण दाबलं.

ओंजळीतलं पाणी आण्णांना पिववेना, टाकवेना. शेवटी डोळे मिटून आण्णा ते प्यायले. गार होतं. चव साधीच होती, पाण्याची.

परतीच्या वाटेवर भरतेश म्हणाला, "आण्णा, तांबड्याच्या खालचं पाणी परत भरत न्हाई, असं ती म्हणाली. हे लोकांना कळलं तर आपला धंदा बसला. आपल्याच पैशानं आपल्याच पोटावर पाय आणला की."

"व्हय," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. भरतेशनं वळून बघितलं, तर ते खिडकीबाहेर माणच्या उघड्या माळाकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेतल्या पोराचा भाव होता. "सात हजार वर्षं, भरतेश. आणि आपण त्याच्यावर डाळिंब पिकवतोय."

त्यानंतर आण्णांनी माणच्या त्या खोऱ्यात तांबड्याच्या खाली बोअर मारायची नाही असं ठरवलं. भरतेश म्हणाला, आपण नाही मारली तर दुसरा मारेल. ते खरंच होतं. दुसऱ्यांनी मारल्याही. आण्णा मग जागेवर जाऊन लोकांना सांगू लागले. भांडून नव्हे, नुसतं सांगायचं. हे पाणी किती जुनं आहे, कुठून आलंय. काही जण ऐकायचे आणि तरीही खोल जायचे. वाळणारी बाग समोर असली की माणूस काय करणार. काही जण थांबायचे. लालासाहेबांच्या गावानं ग्रामसभा घेऊन ती बोअर प्यायच्या पाण्यापुरती राखली आणि बागेसाठी जुन्या विहिरीच्या वर ओढ्यावर बांध घातले. एक गाडी आण्णांनी वेगळ्याच कामाला लावली. तिनं पाडलेल्या उथळ भोकांतून पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गाळून आत सोडतात. भरतेशनंच त्या कामाची माणसं तयार केली. सुरुवातीला कुरकुरत, मग चवीनं.

न्यासातून आजवर गेलेल्या मुलांत साक्षी स्कॉटलंडहून परत येऊन मेंढरांच्या रोगावर काम करते. वटवाघळांची मुलगी तिसऱ्या वर्षी निवडली गेली आणि अजून तिकडंच आहे. दीपालीनं शिष्यवृत्ती मागितली नाही. मुलाखतींच्या दिवशी ती व्हरांड्यात पोहे वाढते आणि आजोबांसारखीच ऐकत बसते.

गेल्या दिवाळीनंतर त्रिशलाबाईंनी हट्ट धरला, मला ती बोअर बघायचीय. आण्णा त्यांना वस्तीवर घेऊन गेले. बघण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. लोखंडी टोपण आणि एक नळ. त्रिशलाबाईंनी चपला लांब काढल्या. डोक्यावर पदर घेतला. नळाखाली तांब्या धरला, भरला, आणि दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

"आवं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि ह्याच्याबी खाली काय हाय?"

"ठावं न्हाई," आण्णा म्हणाले. "यंदा आटपाडीचा एक पोरगा गेलाय जर्मनीला. तो तेच शिकतोय म्हणं. आला की विचारू."